युरोपला जायचंय, पण कोणाच्या टूरवर?

आपल्या हॉस्टेलवर काही मतं मेसच्या वरणासारखी असतात. रोजची, पातळ आणि सगळ्यांना सारखीच वाढलेली. त्यातलंच एक मत म्हणजे, "कंपनीच्या टूरने जातात ती म्हातारी माणसं. आपण जायचं तर पाठीवर सॅक टाकून, स्वतःच्या हिमतीवर." गेल्या दिवाळीपर्यंत माझंही हेच मत होतं. ते कसं बदललं आणि किती बदललं, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझं गाव मोताळा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालं की वाटेत लागतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. भूगोलाच्या तासाला तीस वर्षं त्यांनी फळ्यावर आल्प्स काढला, पण बर्फ पाहिला तो फक्त फ्रीजमधला. रिटायरमेंटच्या पैशातून घरावर स्लॅब पडला, ताईच्या लग्नाचं कर्ज फिटलं. जे उरलं त्यात त्यांनी ठरवलं की आईला घेऊन एकदा युरोप पाहायचा. असा पैसा घरात पुन्हा येणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

दिवाळीत घरी गेलो तर टेबलावर टूरवाल्यांची माहितीपत्रकं. मी लगेच भाषण ठोकलं. "बाबा, हे लोक मेंढरांसारखं फिरवतात. फोटो काढा, बसमध्ये बसा. मी आहे ना! आपण तिघं आपलंच जाऊ." बाबा काही बोलले नाहीत, पण मुलगा सोबत येणार म्हणून खूश झालेले दिसले. मी दोन रात्री जागून एक्सेल शीट केलं. पॅरिस, इंटरलाकेन, रोम. हॉटेलऐवजी किचनवाले फ्लॅट, टॅक्सीऐवजी मेट्रो, बाकी सगळा प्रवास रेल्वेने. आकडा टूरपेक्षा बराच खाली आला. सबमिशन वेळेवर झाल्यासारखा आनंद झाला.

आईला शीट दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "फ्लॅटात गॅस हाय म्हन्तोस, म्हंजे तिथंबी सयपाक मीच करू काय?"

व्हायव्हात एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न वर्मावर विचारावा, तसं झालं. उत्तर नव्हतं.

त्या रात्री तेच शीट पुन्हा उघडलं आणि प्रत्येक ओळीतली बचत कोणाच्या खिशातून आली ते पाहू लागलो. जेवणातली बचत आईच्या हातांतून येत होती. टॅक्सीची बचत बाबांच्या गुडघ्यांतून, कारण मेट्रोच्या जुन्या स्टेशनांवर जिने असतात आणि बॅगा आपल्याच उचलायच्या असतात. माझ्या खिशातून काय जात होतं? काहीच नाही. उलट नकाशा माझ्या हातात, फोन माझ्या हातात, इंग्रजी मी बोलणार, कुठे किती वेळ थांबायचं ते मी ठरवणार. म्हणजे स्वतंत्र प्रवास फक्त माझा होता. आई-बाबा टूरवरच जाणार होते, फरक एवढाच की टूर लीडर मी. आणि तोही कसा? मागच्या वेळी मलकापूर स्टेशनवर बाबांनी डबा कुठे लागेल हे तिसऱ्यांदा विचारलं, तर मी त्यांच्यावर खेकसलो होतो. पगारी टूर लीडर असा खेकसला असता तर त्याची नोकरी गेली असती.

शिवाय लीडर कच्चा होता. माझ्या शीटमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी होतं. लूव्र मंगळवारी बंद असतं. इटलीत साध्या लोकल गाडीचं कागदी तिकीट डब्यात चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. हे मला नंतर कळलं. टूरवाल्याला असल्या शंभर गोष्टी पाठ असतात. आपण पैसे देतो ते बसच्या सीटचे कमी आणि या पाठांतराचे जास्त.

तसं पाहिलं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. दिंडीत मुक्काम ठरलेला, जेवण ठरलेलं. त्या वारकऱ्याला कोणी म्हणत नाही की तू मेंढरासारखा गेलास. इंग्लंडात थॉमस कुक नावाच्या सुतारकाम केलेल्या माणसाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. दारूबंदीची सभा होती. ज्यांना एकट्याने जाणं परवडत नाही किंवा जमत नाही, त्यांना एकत्र नेणं हीच सहलीची मूळ कल्पना. आपल्याकडे १९८४ मध्ये 'केसरी' सुरू झाली, २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड'. अशा कंपन्यांमुळे इंग्रजी न येणारा मराठी माणूसही आल्प्सच्या बर्फात उभा राहिला, हे मान्य करायला हवं.

पण याचा अर्थ टूर म्हणजे सगळं छान, असं मुळीच नाही. बारा दिवसांत आठ देश दाखवणारी टूर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खा सिलॅबस वाचणं. बस इतकी घाईत का असते, त्यालाही कारण आहे. युरोपात बसचालकाने दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवायची आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे, पण आठ देश त्यात कोंबले की वेळ कापला जातो तो तुमचा. आणि सगळे पैसे आधी भरले म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ब्रिटनची थॉमस कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली, तेव्हा सुमारे दीड लाख प्रवाशांना तिथल्या सरकारने परत आणलं. टूर असो वा नसो, काही गोष्टी सुटत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं, किमान ३०,००० युरोचा विमा लागतो आणि जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. तो व्हिसा लंडनला चालत नाही, त्याचा वेगळा.

स्वतंत्र प्रवासाची गोडीही खरीच आहे. दिवंगत मीना प्रभु यांची 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा' ही पुस्तकं वाचा. पाहिजे तिथे थांबणं, वाट चुकणं, अनोळखी माणसाशी बोलणं, हे बसच्या खिडकीतून होत नाही. पॅरिसमध्ये जूनच्या दिवसांत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तो शेवटचा तास नदीकाठी नुसतं बसायला टूरवाला देईलच असं नाही. पण तो तास स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या कमाईवर घ्यावा. आईच्या पोळ्या आणि बापाचे गुडघे गहाण टाकून नाही.

म्हणून माझं मत असं, की "टूर की स्वतंत्र?" हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न "स्वतंत्र कोण?" असा आहे. बरोबरच्या माणसाला रस्ता चुकल्यावर तुमच्याशिवाय परत येता येईल का? त्याला एखाद्या दिवशी "आज नको" म्हणता येईल का? तिथे त्याच्या रोजच्या कामातून त्याची सुटका होईल का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल सॅक उचला. नसेल तर टूर घ्या, पण कमी देशांची आणि एखादी दुपार मोकळी ठेवणारी.

आमच्या घरी तसंच ठरलं. तीनच देश. आई-बाबा जाणार, मी जाणार नाही, माझ्या वाट्याचे पैसे वाचले. मी नाही म्हटल्यावर बाबांचा चेहरा जरा उतरला, हे लपवत नाही. पण पॅरिसमधल्या मोकळ्या दुपारी आईला मेट्रोने घेऊन जायचं, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं आहे. त्यासाठी लागणारी चार इंग्रजी वाक्यं मला त्यांनी देवनागरीत लिहून मागितली. रोज संध्याकाळी फोनवर ती म्हणून दाखवतात, आणि चुकली तर मी आता खेकसत नाही.

सॅकवाल्यांना माझं म्हणणं पटलं नसेल तर रात्री मेसमध्ये भेटा. वरण तेच असेल, वाद तरी नवा घालू.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी