जुळवून घ्यायचे ते कुणी?

परक्या देशात गेलेल्या माणसाने तिथल्या समाजाशी जुळवून घ्यावे, असा उपदेश नेहमी केला जातो. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा इतिहास पाहिला म्हणजे हा उपदेश किती एकतर्फी आहे, ते कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला हात हवे होते. १९४८ साली तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पुढच्या काळात जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादच्या हजारो तरुणी परिचारिका म्हणून दाखल झाल्या. त्यांना काम मिळाले, दर्जा नाही. नोंदणीकृत परिचारिकेच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाऐवजी अनेकींना दोन वर्षांच्या दुय्यम प्रशिक्षणाकडे वळवले गेले. बढतीची वाट तिथेच बंद! जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. तीच विभागणी रंगाच्या नावाने इस्पितळाच्या वॉर्डात उभी होती.

भाड्याने खोली मागावी, तर काळ्यांना दार बंद. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना हुसकावले गेले. त्या बंद दाराचा अर्थ आमच्या वाचकांना सांगायला नको.

या स्त्रिया रडत बसल्या नाहीत. बँका कर्ज देईनात, तेव्हा त्यांनी भिशी चालवली. 'पार्डनर' हे तिचे नाव. दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकीने उचलायची. त्यातून कित्येक कुटुंबांची स्वतःची घरे झाली. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स यांना अमेरिकेने १९५५ साली हद्दपार केले. त्यांनी १९५८ साली लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे पत्र काढले. 'मूकनायक'चा वारसा सांगणाऱ्यांना त्याचे मोल कळेल.

एवढे जुळवून घेऊन पदरात काय पडले? १९७३ पूर्वी आलेल्यांना राहण्याचा कायदेशीर हक्क होता. तरीही पुढे सरकारने त्यांच्याकडेच पुरावे मागितले, आणि त्यांच्या आगमनाची जुनी नोंदपत्रे तर २०१० साली सरकारनेच नष्ट केली होती! १९६८ साली लहानपणी जमैकातून आलेल्या, संसदेच्या उपाहारगृहात राबलेल्या पॉलेट विल्सन यांना २०१७ साली हद्दपारीसाठी कोठडीत डांबले गेले. बोभाटा झाल्यावर २०१८ साली पंतप्रधानांनी माफी मागितली.

त्याच २०१८ साली त्याच सरकारने समता कायद्यात जातिभेदाचा स्पष्ट समावेश करण्यास नकार दिला. संसदेने २०१३ सालीच तसे बंधन घातले होते. आपल्या देशातून गेलेल्यांनी सामानाबरोबर जातही नेली, आणि तिच्याविरुद्ध दाद मागणाऱ्या आमच्या बांधवांना न्यायालयांच्या भरवशावर सोडले गेले.

म्हणून आम्ही म्हणतो, राबणाऱ्याने जुळवून घ्यावे हे सांगणे पुरे झाले. ज्या समाजाला त्याचे श्रम चालतात, त्याला तो माणूसही बरोबरीने चालला पाहिजे. ही बरोबरी मागून मिळत नाही, संघटित होऊन मिळवावी लागते. क्लॉडिया जोन्सच्या भगिनींनी हेच ओळखले होते. त्यांचा लढा आम्हाला परका नाही.