विश्लेषण : सौदीचा थेट मार्ग खुला झाला, तरीही नोकरीवर परतणे अधांतरी का होते?

सौदी अरेबियाने १ डिसेंबर २०२१ पासून भारतासह सहा देशांतील प्रवाशांना थेट प्रवेश दिला. सुटीवर घरी येऊन अडकलेल्या कामगारांसाठी हा दरवाजा वर्षभराहून अधिक काळानंतर उघडला. मात्र त्याच दिवशी सौदीत ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला आणि १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू करण्याचा निर्णय भारताने लांबणीवर टाकला. त्यामुळे हातात वैध व्हिसा असूनही नोकरीवर परतता येईल का, हा प्रश्न कायम होता.

नेमके काय बदलले?

सौदीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून होणारा प्रवास थांबवला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये २० देशांवर प्रवेशबंदी लागू झाली, त्यातही भारत होता. सवलत होती ती सौदी नागरिक, राजनैतिक अधिकारी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना. बाकीच्यांनी बंदी नसलेल्या तिसऱ्या देशात १४ दिवस राहून मगच सौदीत यायचे, असा नियम होता. ऑगस्टअखेरीस त्यातून फक्त सौदीतच दोन्ही मात्रा घेतलेल्यांना सूट मिळाली. १ डिसेंबर २०२१ पासून भारत, पाकिस्तान, इंडोनेशिया, इजिप्त, ब्राझील आणि व्हिएतनाममधून थेट जाता येऊ लागले. मात्र लस घेतलेली असो वा नसो, पाच दिवस संस्थात्मक विलगीकरण बंधनकारक होते.

मधल्या काळात लोक कसे परतले?

नेपाळ, मालदीव, बहरीन असा वळसा घेऊन. दोन आठवड्यांचे हॉटेल, दोनदा विमानभाडे आणि पुन्हा पुन्हा आरटी-पीसीआर चाचणी, असा हा खर्च बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून केला. दुसऱ्या लाटेत हे मार्गही एकेक करून बंद झाले. एप्रिलअखेरीस नेपाळने तिसऱ्या देशात जाण्यासाठी आपल्या भूमीचा वापर थांबवला, मेच्या मध्यास मालदीवने दक्षिण आशियाई पर्यटकांना प्रवेश नाकारला आणि २४ मेपासून बहरीनने भारतातून येणाऱ्यांपैकी केवळ आपले नागरिक व रहिवासी यांनाच प्रवेश दिला. १४ दिवस पूर्ण होण्याआधी नियम बदलला की आधीचे पैसे बुडाले आणि नवा देश शोधणे आले.

अमिरातीचे नियम वेगळे कसे?

संयुक्त अरब अमिरातीने २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून भारतातून येणारी प्रवासी विमाने थांबवली. ५ ऑगस्टला परतीची वाट उघडली, पण प्रामुख्याने अमिरातीतच दोन्ही मात्रा घेतलेल्या रहिवाशांसाठी. भारतात लस घेतलेल्यांना १२ सप्टेंबरची वाट पाहावी लागली. त्या दिवसापासून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली लस घेतलेल्या रहिवाशांना प्रवेश मिळू लागला. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तेथील निवासी व्हिसा रद्द ठरू शकतो. या निर्णयात अशा अडकलेल्यांनाही परतण्याची मुभा होती.

लशीची अडचण काय होती?

भारताने मे महिन्यात कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे केले. परदेशी रुजू होण्याची तारीख त्याआधीची असेल तर अडचण होती. म्हणून ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोक्यो ऑलिम्पिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची परवानगी दिली आणि प्रमाणपत्राला पारपत्र क्रमांक जोडण्याची सोय केली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची प्रतीक्षा त्याहून लांबली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तिला ३ नोव्हेंबरला मिळाली. घराजवळच्या केंद्रावर त्या दिवशी कोणती लस उपलब्ध होती, यावर काहींची नोकरी अवलंबून राहिली.

व्हिसा असूनही नोकरी धोक्यात का?

कारण आखातातील निवासाचा परवाना मालकाशी जोडलेला असतो. सौदीतील इकामाचे नूतनीकरण मालक करतो. सुटीवर जाताना मिळणाऱ्या परतीच्या व्हिसालाही मुदत असते. ती उलटल्यावर कामगार परतला नाही, तर नव्या मालकाकडे जाण्यासाठी त्याला तेव्हा तीन वर्षे प्रवेशबंदी होत असे. सौदी सरकारने अडकलेल्यांच्या कागदपत्रांना वेळोवेळी विनाशुल्क मुदतवाढ दिली, हे खरे. पण मुदतवाढीने कागद जिवंत राहतो, पद नाही. प्रकल्प संपला किंवा जागी दुसरा आला, तर घरी बसलेल्या कामगाराला थकीत पगार आणि सेवाअखेरची रक्कम दुरून मागावी लागते. मार्चमध्ये सौदीने मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची आणि परतीचा व्हिसा घेण्याची मुभा दिली. घरकामगार आणि खासगी वाहनचालक मात्र त्यातून वगळले गेले.

घरी येणाऱ्या पैशांवर किती परिणाम झाला?

जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये भारतात सुमारे ८३ अब्ज डॉलर आले. एकूण घट अवघी ०.२ टक्के होती. पण अमिरातीतून येणारी रक्कम १७ टक्क्यांनी घटली. अमेरिका आणि अन्य देशांतून आलेल्या पैशांमुळे ती घट झाकली गेली. अमेरिकेतील अभियंत्याने पाठवलेल्या डॉलरने आखातातील गवंड्याच्या घरचा हप्ता भरला जात नाही. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातील आखातावर विसंबलेल्या घरांची ओढाताण देशाच्या एकूण आकड्यात म्हणूनच दिसत नाही.

पुढे काय?

नियमित विमानसेवा सुरू होईपर्यंत मर्यादित उड्डाणांवरच भिस्त होती. ओमायक्रॉनचे रुग्ण वाढले तर दरवाजे पुन्हा बंद होण्याची भीती होती. परतणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी इकामा आणि परतीच्या व्हिसाची मुदत स्वतः तपासावी आणि मालकाकडून रुजू होण्याचे लेखी पत्र घ्यावे.

सरकारपुढचा प्रश्न याहून मोठा आहे. लस प्रमाणपत्रांच्या मान्यतेसाठी भारताने अनेक देशांशी बोलणी केली. सीमा बंद असताना कामगाराची नोकरी किती काळ राखून ठेवायची, वळशाचा खर्च कुणी सोसायचा आणि थकीत पैसे कसे मिळवून द्यायचे, यावरही आखाती देशांशी तितक्याच नेटाने बोलावे लागेल. तसे ठरले नाही, तर पुढची लाट आली की सीमा बंद होण्याची किंमत पुन्हा कामगारच मोजेल.