पाण्याची चव

तांदूळ तोच, पण गाव बदलले की साके या जपानी मद्याचा स्वभाव बदलतो. कोबेजवळच्या नाडाचे पाणी जड, म्हणून तिथली साके करारी. क्योतोतल्या फुशिमीचे पाणी त्याहून हलके. तिथली साके मऊ, गोडसर. बर्फाळ निइगाताची कोरडी आणि नितळ.

साके चाखण्याच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळे असतात. त्यांवर साकेचा रंग पारखावा, वास घ्यावा, मग छोटा घोट जिभेवर रेंगाळू द्यावा.

कोजी बुरशीच्या मदतीने साके घडवण्याच्या या परंपरेला युनेस्कोने डिसेंबर २०२४मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तो मान हिवाळाभर पहाटेपासून तांदूळ वाफवणाऱ्या, कोजीला जपणाऱ्या हातांचा आहे. हा अंक त्यांना कृतज्ञतेने अर्पण.

– संपादक