टोमॅटोच्या रोपांना 'चांगल्या' जिवाणूंचा डोस: खरा फायदा किती आणि लेबलवर काय बघायचं?

मे २०२०. देशात लॉकडाऊन होता आणि पुणे-नगर पट्ट्यातले टोमॅटो उत्पादक दुहेरी कात्रीत सापडले होते. एकीकडे बाजार विस्कळीत, दुसरीकडे जुन्नर, अकोले, संगमनेर भागातल्या प्लॉटमध्ये फळं एकसारखी लाल होईनात. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे. शेतकऱ्यांनी या रोगाला नाव दिलं 'तिरंगा'.

दोष कुणाचा, यावरून वाद पेटला. कुणी बियाण्याला दोष दिला, कुणी रोपवाटिकेला. शेवटी नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक हा विषाणू सापडला. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

तेव्हापासून 'रोप निरोगी तर पीक निरोगी' हे वाक्य टोमॅटो पट्ट्यात जास्तच ऐकू येतं. त्याच्या जोडीला येतात बाटल्या आणि पुड्या. 'जिवाणूंची ट्रीटमेंट करा, रोप मजबूत होईल, रोग येणार नाही.' यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे, दुसरं अर्धवट. हा फरक कळला नाही तर पैसेही जातात आणि प्लॉटही.

हे जिवाणू नेमकं करतात काय?

झाडाची मुळं मातीतून फक्त शोषून घेत नाहीत, सोडतातही. साखर, सेंद्रिय आम्लं असे पदार्थ मुळांतून बाहेर पडतात. ते खायला जिवाणू मुळाभोवती गर्दी करतात. त्यातले काही झाडाच्या कामाचे असतात. बॅसिलस सबटिलिस, स्यूडोमोनास फ्लुरोसन्स, अॅझोस्पिरिलम ही त्यातली ओळखीची नावं.

त्यांची कामं साधारण चार:

- अन्न मिळवून देणं. काही जिवाणू हवेतलं नत्र स्थिर करतात, काही न विरघळणारं स्फुरद आणि जस्त विरघळवून मुळांना घेता येईल अशा रूपात आणतात.
- मुळं वाढवणं. काही जिवाणू ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार करतात. त्यामुळे तंतुमुळं जास्त फुटतात.
- जागा अडवणं. स्यूडोमोनास आजूबाजूचं लोह पकडून ठेवतो, रोगाच्या बुरशीला ते मिळत नाही. बॅसिलस तर बुरशीला मारक द्रव्यंच सोडतो.
- झाडाला सावध करणं. मुळाशी हे जिवाणू असले की झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा आधीच जागी होते. मग खरा रोग आला की प्रतिकार लवकर सुरू होतो.

मग शेतात न टाकता रोपवाटिकेतच का?

याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एकरी टोमॅटोला साधारण ६ ते ८ हजार रोपं लागतात. ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये ती ६० ते ८० ट्रेत मावतात. या ट्रेंना कोकोपीट लागतं शंभर किलोच्या आसपास. याउलट एक एकर शेताच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे ९०० टन भरतं. तिथे आधीच अब्जावधी सूक्ष्मजीव ठाण मांडून बसलेले असतात. पुडीतून आलेले नवे जिवाणू त्या गर्दीत सहज हरवतात.

कोकोपीटमध्ये मात्र स्पर्धा कमी असते. बी उगवताना पहिलं मूळ बाहेर येतं, तेव्हाच चांगला जिवाणू तिथे हजर असेल तर त्याला पक्की जागा मिळते. पुढे २५-३० दिवसांनी रोप शेतात जातं, तेव्हा तो मुळासोबतच जातो. एका एकराचं काम थोड्या मात्रेत होतं ते यामुळे.

रोपवाटिकेतला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींमुळे कोवळं रोप जमिनीलगत कुजतं आणि कोलमडतं. जास्त पाणी, दाट पेरणी, कोंदट हवा ही त्याची कारणं. चांगले जिवाणू इथे सर्वाधिक उपयोगी पडतात.

गंमत म्हणजे २०२० मध्ये ज्या संस्थेने 'तिरंगा'मागचा विषाणू ओळखला, त्याच संस्थेने 'अर्का मायक्रोबियल कन्सोर्शियम' हे मिश्रण विकसित केलं आहे. नत्र स्थिर करणारे, स्फुरद व जस्त विरघळवणारे आणि वाढीला मदत करणारे सूक्ष्मजीव त्यात एकत्र आहेत. ते रोपवाटिकेच्या कोकोपीटमध्येही मिसळता येतं.

जिवाणू काय करू शकत नाहीत?

विषाणू बरा करू शकत नाहीत. 'तिरंगा'सारख्या रोगात खरा बचाव म्हणजे कीडरोधक जाळी, पिवळे-निळे चिकट सापळे आणि रोपवाटिकेभोवती तण न ठेवणं. मावा, पांढरी माशी, फुलकिडे आत शिरले तर मुळाशी कितीही चांगला जिवाणू असो, विषाणू पानातून आत गेलेला असतो. सशक्त रोप थोडा जास्त तग धरेल, इतकंच. 'व्हायरसवर रामबाण' असं सांगून कुणी जिवाणूंची बाटली देत असेल तर तिथेच थांबायला हवं.

दुसरी मर्यादा म्हणजे हरितगृहातल्या प्रयोगात दिसलेला फरक शेतात तेवढाच दिसेल, याची खात्री नसते. माती, तापमान, पाणी बदललं की निकाल बदलतो.

तिसरी, हा माल जिवंत आहे. स्यूडोमोनास बीजाणू तयार करत नाही, त्यामुळे दुकानात उन्हात पडलेल्या पुडीतला जिवाणू लवकर मरतो. बॅसिलस बीजाणूंच्या रूपात जास्त टिकतो. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविक त्याच टाकीत मिसळलं, तर जिवाणूंवर केलेला खर्च पाण्यात.

बाजारात एवढा गोंधळ का?

कारण एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या तीन वेगळ्या नियमांखाली येतात.

'जैविक खत' खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतं. त्यात किती जिवंत पेशी हव्यात हे ठरलेलं आहे: पावडरमध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलिलिटरमागे किमान १० कोटी. रोगावर उपाय म्हणून विकलं जाणारं 'जैविक कीडनाशक' कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतं, त्याला केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते. तिसरा प्रकार 'जैवउत्तेजक', म्हणजेच बायोस्टिम्युलंट. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आला. तोवर ही उत्पादनं जवळपास मोकाट विकली जात होती.

जुन्या उत्पादनांना मिळालेल्या तात्पुरत्या परवानगीची मुदत वाढत वाढत १६ जून २०२५ ला संपली. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिलेले आकडे बोलके होते. एकेकाळी बाजारात सुमारे ३० हजार जैवउत्तेजक होते, गेल्या चार वर्षांतही ८ हजारांच्या घरात होते आणि कडक तपासणीनंतर ते सुमारे ६५० वर आले. अनुदानित खतासोबत असली उत्पादनं शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नयेत, असंही त्यांनी बजावलं.

सरळ अर्थ असा की शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्यावर पैसे घातले, त्यातल्या बहुतेक बाटल्या तपासणीच्या चाळणीत टिकल्या नाहीत.

जांबे-मुळशीचा यात काय संबंध?

जुन्नर पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तर मुळशी पश्चिमेला. मुळशीतलं जांबे हिंजवडीच्या आयटी पार्कजवळचं गाव. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव असलेल्या सात गावांत हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडेसोबत जांबेचंही नाव आहे. इमारती वाढतात तशी शेतं आक्रसतात. अशा ठिकाणी काही गुंठ्यांत, शहराच्या तोंडावर चालू शकेल असा व्यवसाय म्हणजे भाजीपाल्याची रोपवाटिका. राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून २०२०-२१ पासून त्यासाठी ५० टक्के अनुदान दिलं जातं.

पण मुळशीचा पावसाळा धो-धो. जून ते सप्टेंबर हवेत ओल, म्हणजे मर रोगाला आयतं आमंत्रण. इथे जिवाणूंचा उपयोग होऊ शकतो, पण पाण्याचा निचरा, हवा खेळती ठेवणं आणि धुतलेले ट्रे यांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

खरेदी करताना काय तपासाल?

- लेबलवर जिवाणूचं पूर्ण नाव आणि ग्रॅम किंवा मिलिलिटरमागे पेशींची संख्या आहे का?
- उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, लॉट नंबर दिसतो का?
- रोगावर उपाय असा दावा असेल तर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आहे का?
- दुकानदाराने माल सावलीत, थंड जागी ठेवला होता का?
- पक्कं बिल मिळालं का? रोपं विकत घेतानाही हाच नियम. वाण, लॉट आणि तारीख बिलावर असेल तरच पुढे तक्रारीला आधार राहतो.

खात्रीचा माल हवा असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते. पहिल्यांदा वापरताना सगळे ट्रे एकदम न घेता दहा ट्रेला जिवाणू द्यावेत, दहा तसेच ठेवावेत. बाकी सगळं सारखं. तीन आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं उपटून मुळं शेजारी-शेजारी ठेवली आणि मेलेली रोपं मोजली, की त्या बाटलीवर पुढच्या हंगामात पैसे घालायचे की नाही हे तिथेच ठरतं.