एकाच छपराखाली ज्येष्ठ आणि दिव्यांग

गावोगावी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे निघाली, ही चांगली गोष्ट आहे. दिव्यांग मुलांसाठी शाळा निघाल्या, हेही चांगलेच. परंतु सत्तरी ओलांडलेली आई आणि तिचा चाळिशीतला बौद्धिक दिव्यांग मुलगा यांनी कुठे जावे? मुलाची शाळा केव्हाच संपलेली. विरंगुळा केंद्रात त्याला जागा नाही आणि त्याला एकटे टाकून आईला बाहेर पडता येत नाही. दोघेही घरात बसून राहतात. हालचाल मंदावते, बोलणे खुंटते, भूक-झोप बिघडते. आपण म्हणतो, वय झाले. माझ्या मते यात वयाइतकाच एकटेपणाचाही वाटा असतो.

जपानमधील तोयामा शहरात कायोको सोमान आणि त्यांच्या दोन सहकारी परिचारिकांनी १९९३ साली रुग्णालयाची नोकरी सोडून दिवसभराचे एक घरगुती केंद्र काढले. वृद्ध, दिव्यांग, लहान मुले, सर्वांना तेथे प्रवेश होता. अडचण आली ती अनुदानाची. वृद्धांचे खाते वेगळे, दिव्यांगांचे वेगळे! पुढे तेथील प्रांताने नियम सैल केले आणि २०१८ मध्ये अशा सामायिक सेवेला जपानभर कायद्याची मान्यता मिळाली. अशा ठिकाणी आजीच्या मांडीवर तान्हे मूल येते, दिव्यांग तरुण आजोबांना चहा देतो. आपला कुणाला तरी उपयोग आहे, ही भावना औषधाइतकीच मोलाची.

आपल्याकडे यासाठी नवी इमारत नको. आहे तेच समाजमंदिर पुरे. पायऱ्यांशेजारी उतार हवा, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा. दार ९० सेंटिमीटर रुंद, शौचालयात धरायला दांडी, गोंगाट न सोसणाऱ्यांसाठी एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित मदतनीस हवा. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखावाच लागतो. त्यातून उतार आणि शौचालयाचे काम निघू शकेल. ज्यांना सतत वैद्यकीय देखभाल लागते, त्यांची सोय मात्र वेगळीच करावी लागेल.

पण खर्चाआधी पाहणी हवी. वॉर्डात असे किती जण आहेत, त्यांना कोण आणील, कोणती वेळ सोयीची, घराबाहेर पडायला नेमके काय आडवे येते, हे त्यांनाच विचारले पाहिजे. कचेरीत बसून आखलेल्या केंद्राला पुढे कुलूपच लागते.

ज्येष्ठ नागरिक संघांनी हे काम हाती घ्यावे. येत्या रविवारी वही-पेन घेऊन निदान आपल्या गल्लीतली दारे तरी ठोठवा.