बॉम जीझसचा रॉ लूक

गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोटो असतोच असतो. शॅकवरचे शंभर फोटो झाले की त्यानंतरचा. मागे तांबड्या दगडाचं भलंथोरलं चर्च, वर निळंशार आकाश आणि पुढे गॉगल लावून आपण. जुन्या गोव्याचं बॉम जीझस बासिलिका. 'चारशे वर्षांपूर्वीचं आहे यार, जस्सं च्या तस्सं!' असं आपण ऑफिसात सगळ्यांना सांगतो.

चर्च चारशे वर्षांचं आहे, शंभर टक्के. पायाभरणी १५९४ ची आणि १६०५ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. 'जस्सं च्या तस्सं' मात्र विसरा. हा नखशिखांत लाल लूक फार तर सत्तर वर्षांचा आहे. आधी हे चर्च बाहेरून पांढरं होतं. चुन्याचा जाडजूड गिलावा होता त्याच्या भिंतींवर. १९५० च्या दशकात तो खरवडून काढला.

कोणी काढला? पोर्तुगीजांनीच. तेव्हा पोर्तुगालात सालाझारची राजवट होती आणि जुन्या इमारती 'अस्सल' दिसाव्यात, म्हणजे त्यांचा दगड दिसावा, असा तिथल्या सरकारी वास्तुखात्याचा फंडा होता. पोर्तुगालातल्या कितीतरी चर्चेसचे गिलावे त्या नादात उतरले. बाल्ताझार कास्त्रो हे त्या पठडीतले आर्किटेक्ट. ते गोव्यात आले आणि आपल्या बॉम जीझसचाही मेकओव्हर झाला. तेव्हाच्या लोकांना म्हातारं चर्च आणखी म्हातारं दिसायला हवं होतं म्हणे. आपण डिस्ट्रेस्ड जीन्स घेतो ना, फाटकी, जास्त पैसे मोजून? तसंच काहीसं.

गंमत सोडा. प्रॉब्लेम दगडाचा आहे.

हा जांभा. ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जमिनीत असताना इतका मऊ की सरळ चिरे कापून काढायचे आणि वारा लागला की टणक होतो. पण अंगभर भोकं. त्या भोकांतून पाणी शिरतं, आतली माती हळूहळू धुऊन नेतं आणि चिरा पोखरत जातो. आमच्या आजोळचं घर जांभ्याचं. पावसाची झड ज्या बाजूने येते तिकडच्या भिंतीला दर मे महिन्यात झावळांची झडी बांधायची, हा नियम होता. आजोबांना आर्किटेक्चर कशाशी खातात ठाऊक नव्हतं, पण उघड्या चिऱ्याला पावसात ठेवायचं नाही हे पक्कं ठाऊक होतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात एवढी मोठी जांभ्याची इमारत रेनकोटाशिवाय उभी आहे, सत्तर पावसाळे.

मूळ बांधणाऱ्यांना हे कळत नव्हतं थोडंच? त्यांनी दगडांची कामं नीट वाटून दिली होती. पुरातत्त्व खात्याच्या वर्णनात गिलावा होता तो 'दर्शनी बाजू सोडून', असं म्हटलंय. म्हणजे अंग पांढरं आणि तोंडावर सगळी दगडाची कलाकुसर. खाली तीन दरवाजे, त्यावर तीन मोठ्या खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि अगदी वर जेझुइटांची 'आयएचएस' ही अक्षरं. या कोरीव कामाचा काळा दगड आला आपल्या वसईहून! तेव्हा वसईही पोर्तुगीजांचीच. काळ्या दगडाला पावसाचं काही वाटत नाही, जांभ्याला वाटतं, म्हणून जांभ्याच्या भिंतींना चुना. साधा हिशोब.

बरं, आत जे आहे ते काही लहानसहान नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर गेले. त्यांचं पार्थिव इथे आहे. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा, फोजिनी नावाच्या शिल्पकाराचा. टस्कनीच्या ड्यूकने, मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने तो पाठवला आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. सांगतात असं, की संताच्या डोक्याखालची उशी ड्यूकला मिळाली, त्याची ही परतफेड. (मला ही देवाणघेवाण जाम आवडते. उशीच्या बदल्यात संगमरवर!) गोव्याच्या सोनाराची पेटी इटलीच्या चौथऱ्यावर बसलीय आणि कुणालाही ते विजोड वाटत नाही. पलीकडे सोन्याच्या वर्खाने झगमगणारी लाकडी वेदी. आता भिंतीत मुरलेली ओल या लाकडाचं काय करेल, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

एप्रिल २०२० मध्ये अवकाळी पावसात छत गळत असल्याची तक्रार बासिलिकाच्या रेक्टरांनी जाहीरपणे केली आणि विषय पेपरात गाजला. त्या निमित्ताने गिलाव्याचा वादही पुन्हा वर आला. चर्चच्या बाजूने म्हणणं असं, की गिलावा परत चढवा. विरोधी मत असं, की १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याच्या चर्चेसना जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा हे चर्च लालच होतं, लोकांच्या मनात तेच बसलंय, आता कशाला छेडायचं?

माझा एक आर्किटेक्ट मित्र या दुसऱ्या पार्टीतला. त्याचं म्हणणं, सत्तर वर्षांचा लूकही आता इतिहासच झाला. शिवाय कुणी चुन्याऐवजी सिमेंट फासलं तर ओल आतच कोंडेल आणि होतं त्याहून वाईट होईल. सिमेंटचा मुद्दा एकदम मान्य. पहिला नाही. कुणाचा तरी रेनकोट काढून घ्यायचा आणि तो सत्तर वर्षं भिजत उभा राहिला की म्हणायचं, 'तसाच छान दिसतोस रे'! हे काय लॉजिक झालं? चुना मळायला आणि थर देऊन वाळू द्यायला वेळ लागतो, कसबी हात लागतात, दर काही वर्षांनी डागडुजी लागते. 'दिसतंय तेच अस्सल' म्हणणं स्वस्तात पडतं, असा माझा संशय आहे.

आणि फोटोचं म्हणाल तर टेन्शन घेऊ नका. समोरचा दगड कुणी झाकणार नाही. तुमची फ्रेम शाबूत राहील.

पुढच्या वेळी पणजीहून दहाएक किलोमीटर आत जाल तेव्हा एक करा. समोरचा फोटो झाला की लगेच कॅबमध्ये बसू नका. बाजूला वळा आणि भिंतीच्या चिऱ्यांच्या कडा बघा, कुठे गोलसर झाल्यात, कुठे खड्डे पडलेत. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या से कॅथेड्रलला जा. त्याच शहरातलं, त्याच पावसातलं. १७७६ मध्ये त्याचा एक बुरूज कोसळला, तो काही परत बांधला नाही, पण भिंती अजून पांढऱ्या आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झेवियरांची पेटी दर्शनासाठी इथेच आणली होती. दर दहा वर्षांनी आणतात. त्या हिशोबाने पुढचा नंबर २०३४ चा, म्हणजे मध्ये नऊ-दहा पावसाळे.

शॉर्ट्स घालून जाऊ नका मात्र. प्रार्थना चालू असलेलं चर्च आहे ते.