दुर्बीण तपासणीनंतरचा चहा

खोकला हटत नाही, एक्स-रेमध्ये डाग दिसतो, पण थुंकीतून निदान होत नाही. अशा वेळी डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी सुचवतात. १९६६ साली जपानच्या डॉ. शिगेतो इकेदा यांनी आणलेली लवचीक दुर्बीण नाकावाटे वा तोंडावाटे श्वासनलिकेत जाते. श्वास चालूच राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच सांगावे; त्या स्वतःहून थांबवू नयेत.

खरी सावधगिरी नंतर हवी. घसा बधिर असताना मायेने दिलेला चहाही श्वासनलिकेत उतरू शकतो. साधारण दोन तासांनी, डॉक्टरांच्या संमतीनेच, प्रथम पाण्याचा घोट द्यावा. घर बोरिवलीत असो वा मुलुंडला, गुंगीच्या औषधानंतर रुग्णाला लोकलने एकटे पाठवू नये. थुंकीत किंचित रक्त दिसल्यास घाबरू नये; ते वाढले, धाप लागली वा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.